काळीचा नकाशा आहे, पांढरीचा राहिला

प्रति,
उजनी जलाशयाकाठच्या सर्व पुनर्वसित गावांच्या ग्रामसभांस,

सप्रेम नमस्कार.

1 मेची ग्रामसभा तोंडावर आली आहे. विषयपत्रिकेवर काय असेल ते मला बसल्या जागी सांगता येईल : पिण्याच्या पाण्याची लाइन, स्मशानभूमीचा रस्ता, घरकुलांची यादी आणि शेवटी आयत्या वेळचे विषय. त्या आयत्या वेळच्या विषयांत माझा एक घ्यावा म्हणून हे पत्र लिहितोय. पाण्याखाली गेलेल्या आपल्या जुन्या गावठाणाचा, म्हणजे पांढरीचा, नकाशा प्रत्येक गावाने स्वतः तयार करावा, एवढाच तो विषय. आणि याच मे महिन्यात हात घालावा. पाणी मेमध्येच खाली जाते, आणि गाव डोळ्यांनी पाहिलेली माणसे पुढच्या मेपर्यंत किती राहतील ते कोणी सांगावे.

मी कोण, तर इंदापूर तालुक्यातल्या एका बुडालेल्या गावचा माणूस. धरणात पाणी अडू लागले तेव्हा मी सातवीत होतो. पुढे भूकरमापक झालो आणि शंकूसाखळीपासून ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मशीनपर्यंत सगळ्या अवजारांनी दुसऱ्यांच्या जमिनी मोजत निवृत्त झालो. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, म्हणजे 16 सारखे भाग. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. भावकीच्या भांडणात हातभर बांधासाठी डोकी फुटलेली पाहिली. ज्या घरात जन्मलो त्या घराची लांबी-रुंदी मात्र मला माहीत नव्हती. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की बाकीच्या गावांना वाटेल, हे पत्र त्यांच्यासाठी, आपल्यासाठी नाही.

आधी पळसदेवाबद्दल बोलू, कारण उजनीतले बुडालेले गाव म्हटले की सगळ्यांना तेवढेच आठवते. दुष्काळी साल आले की पळसनाथाचे जुने देऊळ पाण्यातून वर येते. दगडी मंडप, कोरीव खांब, वर विटा-चुन्याचे शिखर. देव केव्हाच नव्या गावातल्या नव्या देवळात गेला, तरी लोक होडीतून, नाहीतर गाळ तुडवत तिथे जातात. ड्रोन उडतात, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येते : 'पांडवकालीन मंदिर प्रकटले'. आपल्याकडे जुना दगड दिसला की तो पांडवांचा, थोडा शिकलेला माणूस असला तर हेमाडपंती. हेमाद्री हा यादवांचा 13 व्या शतकातला मंत्री. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची रीत त्याच्या आधीपासून चालत आलेली होती. पण तो वाद राहू द्या. देऊळ सुंदर आहे यात शंका नाही. माझी अडचण वेगळीच आहे. देऊळ दिसते कारण ते उंच आहे. आणि ते दिसते म्हणून आपल्याला वाटते की गाव दिसले.

गाव उंच नव्हते. गाव गुडघ्याएवढे, कमरेएवढे होते. पाराचा कट्टा, आडाची किनार, वेशीचा उंबरा, म्हसोबाचा शेंदरी दगड, धुणी आपटायची फरशी, बैलांना पाणी पाजायचा दगडी हौद. यातले काहीच ड्रोनमधून कळत नाही. भिंती तर मातीच्या. गाव उठले तेव्हा लोकांनी माळवदे उसकटून सागवानी तुळया, चौकटी, दारे बैलगाडीत घालून नेली. तुमच्यापैकी कित्येकांच्या घराला अजून तीच चौकट असेल. उघड्या पडलेल्या भिंतींवर पाणी चढले आणि आठवड्याभरात त्या बसल्या. माती पांढरी होती, ती गाळात मिसळली. उरली ती दगडी जोती.

उजनीचा हिशेब तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तरी पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांसाठी लिहितो. धरण 1980 साली पुरे झाले. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेला. म्हणजे बातमीत 'उजनी शून्य टक्के' म्हणतात तेव्हाही 63 टीएमसी पाणी भरलेले असते, आणि जुनी गावठाणे त्याच्याखाली. टक्केवारी उण्यात उतरली की मग एकेक जोते वर येऊ लागते. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेले. सोलापूर जिल्ह्यात पाण्यासाठी ओरड चालू होती, आणि इकडे आमची आई विचारत होती, "आपल्या घरापतुर उतरलं का रं पाणी?" हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सांगायची लाज वाटते. दुष्काळ पडला तर आम्हांला माहेर दिसते.

आता डिकसळ. पुणे-डिकसळ ही रेल्वे 1858 च्या डिसेंबरात सुरू झाली आणि बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, ती पोचली 1859 च्या ऑक्टोबरात. मधले दहा महिने मुंबईहून निघालेला लोखंडी रस्ता आपल्या डिकसळला येऊन संपत होता. बोरघाटातला मार्ग 1863 ला पुरा झाला, त्यामुळे त्या काळच्या उतारूला मध्ये घाट पालखीने नाहीतर पायी चढून खंडाळ्याला दुसरी गाडी पकडावी लागे. एवढे करून तो उतरायचा कुठे, तर डिकसळला, भीमेच्या अलीकडे. पुढे बैलगाडी. सोलापूरकडचा माल त्या वर्षी कुठे येऊन थांबत असेल, तळावर किती गाड्या सुटलेल्या असतील, याचा अंदाज करा. आज भिगवणला मासे खायला येणाऱ्या एकाला तरी हे माहीत आहे का? इंदापूरच्या पोरांना तरी आहे का? धरण झाले, रेल्वेचा मार्ग उत्तरेकडे सरकला, डिकसळचे स्टेशन संपले, पोमलवाडीचे जुने स्टेशन पाण्यात गेले. भीमेवरचा ब्रिटिशांचा रेल्वेपूल तेवढा रुळ काढून मोटारींसाठी ठेवला, आणि इंदापूर आणि करमाळा तालुके त्यावरून पुढची चाळीसएक वर्षे ये-जा करत राहिले. 2023 च्या शेवटी त्याचाही एक भाग ढासळला. ढासळल्यावर बातम्या आल्या त्या वाहतूक बंद पडल्याच्या. हा पूल मुळात कशाचा होता, हे सांगणारी एक पाटी तिथे लावावी असे इतक्या वर्षांत आपल्यापैकी कोणाला सुचले नाही. मलाही नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि इथे जरा माझ्या धंद्यातले बोलणार आहे.

जुनी माणसे गावाचे दोन भाग सांगत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीची मोजणी कुठे सुरू झाली माहीत आहे? आपल्याच तालुक्यात. इंग्रज आल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली शेतसाऱ्याची आकारणी इतकी जड निघाली की इंदापुरात रानेच्या राने पडीक पडली आणि माणसे निजामाच्या मुलखात निघून गेली. मग 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुका नव्याने हाती घेतला. शेताला नंबर, नंबराला हद्दीचे दगड, जमिनीच्या प्रतीप्रमाणे आकार, आणि तो 30 वर्षे कायम. 1836 पासून ही पद्धत इथे लागू झाली, 1847 मध्ये तिचे नियम पक्के झाले आणि मग ती मुंबई इलाखाभर गेली. आज महाराष्ट्रात कोणीही सातबारा काढतो तेव्हा त्यावरच्या सर्व्हे नंबराचे मूळ इंदापूरच्या शिवारात असते. नोकरीत असताना विदर्भ-मराठवाड्याकडच्या सहकाऱ्यांपुढे मी ही फुशारकी मारत असे, हे कबूल करतो.

त्यामुळे आपल्या बुडालेल्या काळीचा हिशेब चोख आहे. टिपण आहे, फाळणी आहे, आकारबंद आहे, संपादनानंतरचे कमी-जास्त पत्रक आहे, मोजणीचा एकूण एक कागद आहे. कुणाची किती एकर, किती गुंठे गेली ते आण्या-पैशांत लिहिलेले आहे. मोबदला पुरेसा होता की नाही हा वेगळा विषय, त्यावर 40 वर्षे बोलून झाले आहे. पण जुना गाव नकाशा उघडा. ओढा दिसेल, गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली दिसेल, विहिरी दिसतील. मधोमध जिथे गाव होते तिथे एक वेडावाकडा आकार आणि त्यात एकच शब्द : गावठाण. आत कोरे. पांढरीवर शेतसारा नव्हता. सारा नाही म्हणून मोजणी नाही, मोजणी नाही म्हणून नंबर नाही. ज्या तालुक्याने राज्याला मोजायला शिकवले, त्या तालुक्यातली बुडालेली घरे कुठल्याच नकाशावर नाहीत. आता नव्या गावठाणांची ड्रोनने मोजणी होते, घरोघरी मिळकत पत्रिका मिळते. जुन्याला ती कधीच मिळणार नाही, कारण ड्रोनला तिथे पाणी दिसते.

तो कोरा भाग आता फक्त माणसांच्या डोक्यात भरलेला आहे. आणि ती डोकी सत्तरीच्या पुढची आहेत.

2024 च्या मेमध्ये मी हा प्रयोग आमच्या गावापुरता करून पाहिला. गाव नकाशाची नक्कल घेतली, गावठाणाचा आकार मोठा करून भिंतीएवढ्या कागदावर काढला आणि आईला, चुलत्याला आणि शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना समोर बसवले. अर्ध्या तासात भांडण लागले. पिराचा ओटा वेशीच्या आत की बाहेर? तालमीचे दार उगवतीला की मावळतीला? चुलते म्हणाले, "मी तिथं दहा वर्सं दंड काढल्यात, मला शिकवतीस व्हय?" आई म्हणाली, "तुमी आत दंड काढत व्हता, मी भायेरनं घागर घिऊन जात व्हते. दार कुठं हाय ते भायेरच्याला कळतं."

शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून आईला तिकडे नेले. वाळलेल्या गाळाला हातहातभर भेगा, त्यांत शिंपले, मेलेले चिलापी मासे, पाणकणसाची खोडे. दूरवर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग उभी. त्या दिवशी आम्हांला त्यांचे कौतुक वाटले नाही, एवढे खरे. आई खुर्चीत बसून बराच वेळ नुसती बघत राहिली. तिला काहीच ओळखू येईना. जोतीच जोती, सगळी सारखी. मला वाटले, उगाच आणले हिला. मग ती म्हणाली, "मारुतीचं तोंड कुनीकडं हाय ते बघ." मारुतीचा नुसता चौथरा उरला होता, मूर्ती नव्या गावात. पण चौथऱ्याच्या एका बाजूला दोन पायऱ्या होत्या. पायऱ्या सापडल्या आणि तिचा हात उठला. "हितनं सरळ जा. डाव्या अंगाला सुताराचं. त्येच्या म्होरं बोळ. बोळ नगं घिऊ. म्होरं चल." ती घरे म्हणून मोजत नव्हती, बायकांच्या नावांनी मोजत होती : अमकीचं, तमकीचं, जिनं तिला पहिल्या बाळंतपणात शेक दिला तिचं. अकराव्या नावाला मी थांबलो तिथे उखळ होते. जमिनीत पुरलेले, काठोकाठ गाळाने भरलेले. तेच आमचे घर.

पुतण्याने टेपचे एक टोक धरले. जोत्यावरून मोजले : लांबी 29 फूट, रुंदी 19. अर्ध्या गुंठ्याच्या आसपास. माझ्या आठवणीत ते केवढे मोठे होते.

तालमीचे दार उगवतीला निघाले. आई बरोबर होती. चुलत्यांनी अजून मानलेले नाही.

इथे एक गोष्ट लपवू नये. घरी बसून आम्ही जी पहिली यादी केली ती आपल्या आळीतल्या लोकांची होती. चावडी, पाटलाचा वाडा, तालीम, मारुती, आड. ती यादी नव्या गावात वाचून दाखवली तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, "ह्यो आड तुमचा. आमचा कुटं लिवलाय?" खरेच लिहिला नव्हता. महारवाड्याचा आड वेगळा होता, ओढ्याच्या अंगाला, आणि आमच्या तिघांपैकी एकालाही तो आठवला नाही, कारण आम्ही तिथे कधी गेलोच नव्हतो. त्या आजींनी बसल्या बसल्या बारा-चौदा जागा सांगितल्या : मरीआईचा कट्टा, डफ-हलगी ठेवायची खोली, हाडकी-हाडोळ्याची, म्हणजे महार वतनाची, शेते, आणि गावात यायची त्यांची वाट, जी वेशीतून येत नव्हती. तेव्हा विनंती अशी की नकाशाला बसाल तेव्हा सगळ्या आळ्यांची माणसे, आणि विशेषतः बायका, एकाच कागदाभोवती बसवा. नुसता वाड्यांचा आणि देवळांचा नकाशा होणार असेल तर तो न केलेला बरा. तसले नकाशे आपल्या डोक्यांत आधीच आहेत.

कसे करायचे ते थोडक्यात सांगतो. गाव नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. गावठाणाचा भाग मोठा करून घ्या. नावे पेन्सिलीने लिहा, शाईने नको. दोन माणसांची दोन मते पडली तर दोन्ही लिहा, मतदान घेऊ नका. पाणी उतरल्यावर एक पक्की खूण शोधा, आडाची किनार किंवा देवळाचा चौथरा, आणि बाकी सगळे तिथून मोजा. मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मिळतात ते टिपून ठेवा. पुढच्या वर्षी गाळ चढून खूण झाकली तरी ते आकडे राहतात. वाळूसाठी यंत्रे फिरली की जोतीही त्यांच्याबरोबर जातात, तेव्हा दरवर्षी थोडे कमी सापडणार हे धरून चाला. दगड उचलून घरी आणू नका. वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असेल तर मुळीच नाही. फोटो काढा, माप घ्या, जागा लिहा.

आणि होडीने जाऊ नका. 2024 च्याच मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा माणसे गेली. नकाशासाठी कोणाचा जीव धोक्यात घालायचा नाही. जेवढे गाव पायी जाण्यासारखे उघडे पडेल तेवढेच या वर्षी. पण ते दुःख आठवताना हेही मनात येते की त्या दोन काठांमध्ये एकेकाळी नदी होती, आणि उन्हाळ्यात भीमेला उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागा, असत. पावसाळ्यात भोपळ्यांची सांगड बांधून पलीकडे जाणारी माणसे मी पाहिली आहेत. कुठल्या उताराला कुठले नाव होते, कुठल्या डोहाला कोणी भीत असे, हे सगळे त्या कागदावर आले पाहिजे. पांढरी म्हणताना मी त्यात नदीकाठही धरतो.

काही जण म्हणतील, यापेक्षा देऊळ उचलून वर आणा, पर्यटन केंद्र करा, बोटिंग सुरू करा. ज्यांना करायचे त्यांनी करावे. माझा त्याला विरोध नाही, उत्साहही नाही. त्याला निधी लागतो, मंजुरी लागते, आणि तोपर्यंत आमची आई राहणार नाही. या कामाला एक मोठा कागद लागतो, पेन्सिल लागते, चार सकाळी लागतात. ठराव करा, सूचक-अनुमोदक घाला आणि तयार झालेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काच घालून लावा. एक प्रत शाळेत.

ज्या गावाला मोजायला माणूस हवा असेल त्यांनी पंधरा दिवस आधी निरोप द्यावा. माझ्याकडे जुनी लोखंडी साखळी आहे, कड्या जरा गंजल्यात पण माप बरोबर आहे. टोके धरायला दोन पोरे तुमची द्या.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक आणि धरणग्रस्त

ता. क. : हे पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणते, पिराचा ओटा वेशीच्या बाहेरच होता, हे तू लिहिलेच नाहीस. चुलते म्हणतात आत. तो भाग अजून पाण्याखालीच आहे, म्हणून नकाशावर सध्या दोन ओटे काढून ठेवले आहेत.